सिकंदर आणि तीस दिवसांचं पीठ

कोरडवाहू
मंडळी, सिकंदरावर इथं आधीही धुळवड झाली आहे आणि दर वेळी गाडी पोरसच्या हत्तींपाशी येऊन रुतते. आज जरा अलीकडून सुरुवात करतो.

इ.स.पू. ३३४ चा वसंत. सिकंदर हेलेस्पाँटची (आजच्या डार्डनेल्सची) सामुद्रधुनी ओलांडून आशियात उतरलाय. वय एकवीस. सोबत तीस हजारांच्या वर पायदळ आणि पाचेक हजार घोडेस्वार. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क जुन्या लेखकांचे हवाले देत सांगतो की तिजोरीत ७० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो चांदी) होते आणि धान्य ३० दिवसांचं. वर कर्ज होतं ते वेगळंच.

पलीकडे झेलिया नावाच्या गावी इराणी सुभेदारांची मसलत बसली आहे. त्यांच्यात ऱ्होड्सचा मेम्नॉन हा भाडोत्री ग्रीक सेनापती आहे. त्याचा सल्ला एका वाक्यात असा: लढू नका, मागे सरा, गवत जाळा, उभी पिकं तुडवा, वेळ आली तर गावंही पेटवा. महिनाभरात हा पोरगा आल्या वाटेनं परत जाईल. यावर त्या प्रांताचा सुभेदार आर्सितेस म्हणाला की माझ्या रयतेचं एकही घर मी जळू देणार नाही. बाकीच्यांनीही मान डोलावली. एक तर मेम्नॉन परका, त्यात त्याला लढाई लांबवून आपलं महत्त्व टिकवायचंय, असा संशय. मग ग्रॅनिकस नदीवर लढाई झाली, इराणी हरले, आणि आर्सितेसनं पळून जाऊन जीव दिला असं सिकंदराच्या मोहिमांचा ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो.

मला हा प्रसंग गॉगामेलाच्या निर्णायक लढाईपेक्षा मोठा वाटतो. जेता का जिंकतो हे विचारायचं असेल तर आधी विचारा की त्याचं सैन्य एकतिसाव्या दिवशी काय खात होतं.

थोडा हिशोब मांडतो, आकडे ढोबळ आहेत. सैनिक आणि नोकरचाकर धरून ४५,००० तोंडं. चालणाऱ्या माणसाला रोज सव्वा किलो धान्य धरलं तर ५६ टन. घोडे सहा हजार, दर घोड्याला साडेचार किलो दाणा, म्हणजे आणखी २७ टन. झाले रोजचे ८० टनांच्या वर. एका खेचरावर १०० किलो लादलं तर एका दिवसाच्या शिध्यालाच आठशेहून जास्त खेचरं. आता खरी मेख: खेचरही खातं. वाटेत चारा नसेल तर वीस-बावीस दिवसांत ते पाठीवरचं सगळं स्वतःच फस्त करतं. तेव्हा कितीही जनावरं वाढवली तरी एका मर्यादेपुढे धान्य पोचतच नाही. पुढच्या मुक्कामी कोणीतरी कोठार उघडून बसलेलं असणं, किंवा किनाऱ्यानं जहाजं सोबत चालणं, एवढे दोनच मार्ग उरतात.

यात बापाचं श्रेय विसरू नका. फिलिपनं फौजेतल्या गाड्या बंद केल्या, दहा पायदळ्यांमागे एकच नोकर ठेवला आणि सैनिकांना ३० दिवसांचं पीठ खांद्यावरून न्यायला लावलं. मुलाच्या हाती आली ती ही फौज. तयार ताट.

निवृत्त_फौजी
चांगला विषय. मी फौजेत रसदीच्या कामात होतो, म्हणून दोन शब्द.

खेचराचा हिशोब बरोबर आहे, पण १०० किलो जास्त धरलेत. डोंगरात आम्ही सत्तर-ऐंशीच्या वर लादत नव्हतो. आणि लादणं म्हणजे नुसतं वजन नव्हे. दोन्ही बाजू तोलात नसल्या तर खोगीर सरकतं, दुपारपर्यंत पाठ सोलवटते आणि दुसऱ्या दिवशी ते जनावर नुसतं खाणारं तोंड होऊन मागे चालतं. रात्री मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम स्वतःचे बूट काढणं नाही, खोगीर उतरवून जनावराच्या पाठीवरून हात फिरवणं. ज्यानं हे केलं नाही त्याची तुकडी चौथ्या दिवशी थांबली, हे मी पाहिलंय.

पण ३० दिवसांचं पीठ खांद्यावर? तुमच्याच हिशोबानं ३७ किलो होतात. वर ढाल, शिरस्त्राण, आणि तो लांबलचक भाला. हे पटत नाही.

कोरडवाहू
फौजी साहेब, पकडलंत. ही गोष्ट फ्रॉन्टिनस सांगतो. तो रोमन, फिलिपनंतर चारशेहून अधिक वर्षांनी झालेला. आणि त्याचे शब्द उन्हाळी छावणीला निघतानाचे आहेत. म्हणजे कदाचित हंगामाच्या सुरुवातीची सवय लावणारी कवायत असेल, रोजचा शिरस्ता नसेल. मी सरसकट लिहायला नको होतं. दहा दिवसांचं म्हणू या का?

निवृत्त_फौजी
दहा दिवसांचं चालेल. कुरकुर करतील, पण नेतील.

तलवारबहाद्दर
कोरडवाहू, तुम्ही सिकंदराला किराणा दुकानदार करून टाकलंत :) पीठ सगळ्यांकडेच असतं हो. गॉगामेलाला इराणचा सम्राट दरायस याचं सैन्य कित्येक पटींनी मोठं, मैदान त्यानं स्वतः निवडलेलं, पात्यांच्या रथांसाठी जमीन सपाट करून घेतलेली. तरी सिकंदर उजवीकडे तिरका सरकत गेला, इराणी रांगेत फट पडली आणि त्या फटीतून थेट दरायसवर घुसला. ती फट दिसणं आणि त्याच क्षणी घोडा घालणं ही कोठारातून मिळणारी गोष्ट आहे का?

कोरडवाहू
नाही. ते मान्यच. पण तो गॉगामेलाला पोचला कसा ते बघा.

इ.स.पू. ३३१ चा उन्हाळा. थाप्सेकसला युफ्रेटिस ओलांडली. तिथून बॅबिलॉनचा सरळ रस्ता नदीकाठानं खाली जातो. इराणी सरदार मझायस समोर होता आणि त्यानं मागे सरताना मुलूख जाळायला सुरुवात केली होती. म्हणजे मेम्नॉनचं शहाणपण तीन वर्षांनी का होईना, सुचलं. सिकंदर त्या रस्त्यानं गेलाच नाही. तो डावीकडे आर्मेनियाचे डोंगर ठेवून उत्तरेच्या अंगानं वळसा घालून गेला. एरियन कारण स्पष्ट देतो: तिकडे घोड्यांना चारा होता, फौजेला शिधा मिळत होता आणि ऊन कमी होतं.

तुमच्या त्या फटीत घुसलेले घोडे पोट भरलेले होते, बहाद्दर. उलट लढाईच्या आदल्या रात्री दरायसनं हल्ल्याच्या भीतीनं आपलं सैन्य रात्रभर हत्यारबंद उभं ठेवलं. इकडे सिकंदर इतका गाढ झोपला की सकाळी पार्मेनियन या जुन्या सरदाराला त्याला हाका मारून उठवावं लागलं.

तलवारबहाद्दर
बरं, घोड्यांचं मान्य. तरी फट फटच असते.

चुलीवरची
मी इतिहासातली नाही, पण खेचराच्या हिशोबावरून राहवलं नाही. आमच्या दिंडीत अडीचशे माणसं असतात आणि स्वयंपाकाचं बरीच वर्षं माझ्याकडे आहे. बाहेरच्याला वाटतं की दिंडी चालते आणि मागून ट्रक येतो. उलट असतं. ट्रक पहाटे तीनला पुढे निघतो. त्याच्याही आधी एक माणूस दुचाकीवर पुढच्या गावात गेलेला असतो. कुणाच्या वावरात उतरायचं, पाणी कुठल्या विहिरीचं, पीठ कुठल्या गिरणीतून, हे तो पक्कं करून ठेवतो. तो माणूस चुकला की मागची अडीचशे माणसं उपाशी.

एका वर्षी टँकर आलाच नाही. भाताचं आधण ठेवायला पाणी नव्हतं, तांदूळ मात्र तीन पोती. लोकांनी चिवडा खाल्ला आणि निमूट झोपले. वारकरी म्हणून निमूट. हत्यारं हातात असती तर?

तर माझा प्रश्न असा की सिकंदराचा दुचाकीवाला कोण होता?

कोरडवाहू
ताई, या प्रश्नासाठी दंडवत. हाच धाग्याचा गाभा आहे.

त्याचा दुचाकीवाला म्हणजे आधीच शरण आलेला माणूस. ग्रॅनिकसनंतर सार्डिसच्या किल्ल्याचा इराणी अधिकारी मिथ्रेनेस स्वतः सामोरा आला आणि किल्ला, खजिना हवाली केला. त्याला पुढे आर्मेनियाची सुभेदारी मिळाली. गॉगामेलानंतर मझायसनं, हो, त्याच मुलूख जाळणाऱ्या मझायसनं, बॅबिलॉन न लढता ताब्यात दिलं, आणि सिकंदरानं त्यालाच तिथला सुभेदार केलं. मात्र सैन्य एका मॅसेडोनियन सरदाराकडे आणि करवसुली तिसऱ्याकडे ठेवली. विश्वास होता, पण किल्ल्या तीन खिशांत.

सुसा या इराणी राजधानीत खजिन्यात पन्नास हजार टॅलेंट सापडले. सत्तर टॅलेंटवर निघालेला माणूस हा.

आणि आपल्याकडे येता येता तक्षशिलेचा आंभी. त्यानं सिकंदराला दिलेल्या भेटींच्या एरियनच्या यादीत चांदीचे २०० टॅलेंट, कापायला ३,००० बैल आणि १०,००० मेंढ्या आहेत. पोरसवर चालून जाताना त्याचे पाच हजार लोकही सोबत होते. सिकंदर पोरसवर चालून गेला तो आंभीचं खाऊन.

झेलमकाठ
आंभीवर आलात तर मग खरंही लिहा. झेलमवर पोरसनं सिकंदराला हरवलं होतं. जिंकलेला राजा हरलेल्याला राज्य परत देतो का? उलट वाढवून देतो? आणि नंतर बियासवरून शेपूट घालून परत गेला. ग्रीकांनी लिहिलेला इतिहास आपण किती दिवस घोकायचा?

पॉपकॉर्नवाला
आला, आला, हत्ती आला. मी सतरंजी टाकून बसतोय.

तळटीप
झेलमकाठ, राग समजतो, पण या लढाईबद्दल आपल्याकडे एक ओळही नाही. सिकंदराचं नाव त्या काळच्या कुठल्याच भारतीय लेखनात येत नाही. तेव्हा ग्रीक नकोत म्हटलं तर पोरसही हातातून जातो. त्याचं नाव, उंची, बाणेदारपणा सगळं त्यांनीच जपलंय. त्या लढाईच्या आठवणीत पाडलेली म्हणून ओळखली जाणारी चांदीची मोठी नाणी आहेत. त्यांच्यावर घोडेस्वार हत्तीच्या मागे लागलाय आणि हत्तीवरचा माणूस वळून भाला रोखतोय. हरलेला माणूस अशी नाणी पाडत नाही.

राज्य परत देण्याचं म्हणाल तर आपल्याच परंपरेत त्याला नाव आहे. कौटिल्य तीन प्रकारचे विजेते सांगतो: धर्मविजयी शरणागतीवर समाधान मानतो, लोभविजयी जमीन आणि द्रव्य घेतो, असुरविजयी जमीन, द्रव्य, बायकामुलं आणि प्राणही. समुद्रगुप्तानं दक्षिणेतल्या राजांना पकडून सोडून दिलं, हे अलाहाबादच्या स्तंभावर कोरलेलं आहे. त्यावरून कोणी म्हणत नाही की समुद्रगुप्त हरला.

आता धाग्याच्या विषयाला धरून झेलमची गंमत. इ.स.पू. ३२६, पावसाळी दिवस, नदी फुगलेली, समोर पोरस. त्याच्याकडे एरियनच्या म्हणण्यानुसार २०० हत्ती, ३०० रथ, ४,००० घोडे, ३०,००० पायदळ. सिकंदरानं काय केलं? छावणीत चोहीकडून धान्याच्या राशी आणवल्या. उघड्यावर, पलीकडून दिसतील अशा. जणू हा आता पाणी ओसरेपर्यंत हलत नाही. रोज रात्री घोडेस्वार काठानं धावडवून आरडाओरडा करायचा. पोरस सुरुवातीला दर वेळी हत्ती घेऊन समांतर धावला, मग कंटाळून थांबला. त्यानंतर एका वादळी रात्री क्रॅटेरस या सरदाराला छावणीत ठेवून सिकंदर पंचवीसेक किलोमीटर वरच्या अंगाला जाऊन उतरला.

आणि होड्या? त्या सिंधू नदीवरच्याच. लहान होड्यांचे दोन तुकडे, मोठ्यांचे तीन, गाड्यांवर घालून झेलमपर्यंत आणल्या आणि पुन्हा जोडल्या. कोरडवाहूंचा फिलिप गाड्या बंद करतो, मुलगा गरजेला गाड्या काढतो.

पोरसचा मुलगा १२० रथ घेऊन अडवायला आला तो चिखलात अडकला आणि मारला गेला.

झेलमकाठ
नाण्यांचं माहीत नव्हतं, बघतो. पण बियासवरून परत गेला हे तरी खरं ना?

तळटीप
ते शंभर टक्के खरं. पण 'शेपूट' नाही म्हणणार. डायोडोरस लिहितो की सत्तर दिवस सतत पाऊस होता, घोड्यांचे खूर झिजले होते, अंगावरचे ग्रीक कपडे फाटून संपले होते. पुढे गंगेकाठी नंदांचे हजारो हत्ती असल्याच्या बातम्या. कोइनस नावाच्या जुन्या सरदारानं उठून सगळ्यांच्या मनातलं बोलून दाखवलं. सिकंदर दोन दिवस तंबूत रुसून बसला, मग वळला. गंमत म्हणजे झेलमला परत येतो तर पंचवीस हजार नवी चिलखतं आणि औषधं येऊन पोचलेली. महिना-दोन महिने आधी पोचली असती तर कोइनस काय बोलला असता, कोण जाणे.

पेठेतला
उत्तम चर्चा. पानिपतही यात आणा की. भाऊसाहेबांकडे तोफखाना होता, शौर्य होतं, पण गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि मग उपाशीपोटी लढाई.

कोरडवाहू
पेठेतले, पानिपताला वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथं आणलं तर पुढचे दोनशे प्रतिसाद होळकर-शिंद्यांवर जातील.

सावकाश
उशिरा आले, पण एक शंका. रसद आणि फितूर कोठारवाले हेच गमक असेल तर रोमवर चालून गेलेल्या कार्थेजच्या हॅनिबलचं काय? पंधरा वर्षं इटलीत राहिला म्हणजे खाणं मिळवतच होता.

कोरडवाहू
हॅनिबलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कॅनीच्या लढाईत (इ.स.पू. २१६) त्यानं रोमनांना जसं वेढून कापलं तसं सिकंदरानंही कुठं केलं नाही. पण नंतर? कापुआसारखी काही शहरं फुटली, पण रोमभोवतीच्या लॅटिन शहरांनी दारं उघडली नाहीत. लढाया जिंकत तो इटलीभर फिरत राहिला. जिंकलेला आणि जेता यांतला फरक तिथं दिसतो.

इराणी साम्राज्याची गोष्ट वेगळी. सार्डिस ते सुसा राजरस्ता, त्यावर १११ ठाणी असं हेरोडोटस सांगतो. करवसुली लागलेली, कोठारं भरलेली, आणि सुभेदाराला वर कोण बसलंय याच्याशी फार देणंघेणं नाही. वरचा माणूस बदलला की घर चालू. रोमची दोस्त शहरं तशी नव्हती.

तलवारबहाद्दर
म्हणजे सिकंदर यशस्वी कारण इराण्यांनी साम्राज्य नीट चालवलं होतं? असं म्हणून दाखवाच.

कोरडवाहू
बरंचसं असंच म्हणतोय. आणि जिथं कोणी कोठार बांधून ठेवलं नव्हतं तिथं हाच सिकंदर, हीच फौज, काय झालं ते बघा.

इ.स.पू. ३२५, परतीची वाट. क्रॅटेरसला हत्ती आणि थकलेले लोक देऊन आतल्या बऱ्या रस्त्यानं पाठवलं. स्वतः निवडलं गेड्रोशियाचं वाळवंट, आजचं मकरान. बेत कागदावर चोख होता: फौज किनाऱ्याजवळून चालेल, विहिरी खणेल, आणि निआर्कसचं आरमार समुद्रातून सोबत करेल. पण नैऋत्येचे वारे वाहत होते, आरमार वेळेवर निघूच शकलं नाही. साठ दिवस फौज त्या वाळूत होती. लोक चालत्या फौजेतच खेचरं, घोडे मारून खायचे आणि तहानेनं मेले असं सांगायचे. सिकंदराला कळत होतं, तो काही बोलला नाही. एका रात्री ओढ्याला अचानक लोंढा आला आणि छावणीमागच्या बायकामुलांना घेऊन गेला. किती मेले याचे आकडे फुगवलेले आहेत, म्हणून देत नाही. पण कुठल्याही लढाईत त्यानं इतकी माणसं गमावली नव्हती.

दरायस नव्हता, पोरस नव्हता. समोर कोणीही नव्हतं.

चुलीवरची
टँकर आला नाही.

कोरडवाहू
अगदी. आणि यातला एक प्रसंग फौजी साहेबांसाठी राखून ठेवला होता. वाळवंटात एका ठिकाणी थोडं धान्य हाती लागलं. सिकंदरानं ते आरमारासाठी किनाऱ्याकडे पाठवायचं ठरवलं आणि पोत्यांवर स्वतःच्या शिक्क्यानं मोहर केली. वाटेत राखणीच्या शिपायांनीच ती मोहर फोडली, धान्य स्वतः खाल्लं आणि जे सगळ्यात जास्त भुकेले होते त्यांना वाटून टाकलं. राजाची मोहर, हं. जगात त्या वेळी तिच्याहून मोठी मोहर नव्हती.

निवृत्त_फौजी
मग शिक्षा काय केली?

कोरडवाहू
माफ केलं. सगळं कळल्यावर काही केलं नाही.

निवृत्त_फौजी
हं. आमच्याकडे एकदा साखरेच्या एका पोत्याचं सील तुटलेलं सापडलं होतं. सहा महिने चौकशी चालली. दोन जवानांचे जबाब मीच लिहून घेतले. पोतं उंदरानं कुरतडलं होतं असं शेवटी निघालं, पण कागदावर 'उंदीर' लिहायला कोणी तयार होईना.

सिकंदराबद्दल माझं मत आज जरा बदललं.